बॉम्बची धमकी आल्यावरची सेवा: टॉवर पास, जमिनीवरचे काठावर

१४ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं एअर इंडियाचं विमान धमकीमुळे दिल्लीत उतरवावं लागलं. दुसऱ्याच दिवशी दिल्ली-शिकागो विमान कॅनडातल्या इकॅलुइटला उतरलं आणि तिथल्या हवाई दलाच्या विमानानं प्रवाशांना शिकागोला पोहोचवलं. त्याच दिवशी मदुराईहून निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाला सिंगापूरच्या दोन एफ-१५ लढाऊ विमानांनी सोबत केली. तिन्ही धमक्या फुसक्या निघाल्या. पण धमकी फुसकी असो वा खरी, यंत्रणा एकदा पूर्ण फिरतेच. या सेवेचे पैसे विमानकंपन्या विमानतळ प्राधिकरणाला मार्ग-शुल्क म्हणून भरतात, म्हणजे शेवटी तिकीट काढणाराच भरतो. मग ती कशी आहे हे बघायला हरकत नाही.

सगळ्यात चांगला भाग एटीसीचा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाचा, आणि त्याचं कारण म्हणजे त्यांचं काम आखीव आहे. धमकीचा निरोप आधी नियंत्रकाकडे आला, तर तो वैमानिकाला विनाविलंब कळवायचा, मग फक्त एक विचारायचं: तुमचा इरादा काय? पुढे जाणार, परतणार की जवळच उतरणार, हा निर्णय वैमानिकाचा. स्फोटकाबाबत काय करावं याचा सल्ला एटीसीनं द्यायचाच नाही, असं आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट सांगतात. ऐकायला हे हात झटकल्यासारखं वाटतं, पण ते बरोबर आहे. संशयास्पद वस्तू हलवायची की नाही, केबिनमधल्या दाबासाठी किती खाली यायचं, हे विमानाच्या प्रकारावर ठरतं आणि त्याची चेकलिस्ट कॉकपिटमध्ये असते. नियंत्रकाकडे असतं ते वेगळं: जवळचे विमानतळ, धावपट्टीची लांबी, हवामान, वाटेतली रहदारी. ते तो न मागता देत राहतो, उत्तराची वाट न बघता. एरवी विमान एका सेक्टरकडून (आकाशाच्या एका भागाच्या नियंत्रकाकडून) दुसऱ्याकडे सोपवताना वैमानिकानं नवी फ्रिक्वेन्सी म्हणून दाखवावी लागते. इथे विमानाशी संपर्क नीट नसेल, तर त्याला एक शब्दही बोलायला न लावता नियंत्रक आपसांत फोनवर सोपवासोपवी करतात.

हीच यंत्रणा अपहरणालाही लागते. त्याची खूण म्हणजे ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर, ७५०० हा कोड. रेडिओ बंद पडला तर ७६००, इतर आणीबाणीला ७७००. ७५०० दिसलं की नियंत्रक कोड पक्का करायला सांगतो. वैमानिकानं होकार दिला तर अपहरण पक्कं. आणि उत्तरच आलं नाही, तर कोड चुकून लागलेला नाही असं धरून चालायचं. गप्प बसण्यालाही अर्थ दिलेला आहे, ही या पद्धतीतली सगळ्यात हुशार गोष्ट. नुसत्या चुकीचा फटका किती मोठा असतो हे नोव्हेंबर २०१९ मध्ये अॅमस्टरडॅमला दिसलं. एअर युरोपाच्या विमानातून अपहरणाचा इशारा चुकून गेला आणि स्किपोल विमानतळाच्या एका भागात धावपळ उडाली.

बोलता येत नसेल आणि नेमून दिलेली उंचीही सोडावी लागली, तर अपहृत विमानानं नेहमीच्या उंच्यांच्या मधल्या थरात जायचं. जिथे विमानं एकमेकांपासून १,००० फुटांवर उडतात तिथे ५०० फूट वर किंवा खाली. म्हणजे निदान दुसऱ्या विमानाच्या अंगावर जाणार नाही.

कच्चा दुवा रेडिओचा. १६ फेब्रुवारी २०१७ ला जेट एअरवेजचं मुंबई-लंडन विमान जर्मनीवर असताना संपर्कातून गेलं आणि जर्मन हवाई दलाची लढाऊ विमानं शेजारी येऊन उभी राहिली. विमान सुखरूप लंडनला पोहोचलं. गडबड साधी होती, फ्रिक्वेन्सी चुकीची लागली होती. १२१.५ मेगाहर्ट्झची आणीबाणीची फ्रिक्वेन्सी दुसऱ्या सेटवर कायम ऐकत राहायची, ती याचसाठी. जमिनीवरून मात्र बोलत नसलेलं विमान आणि बोलू न दिलं जाणारं विमान सारखंच दिसतं, त्यामुळे लढाऊ विमानं पाठवणाऱ्यांना दोष देता येत नाही.

उतरल्यावर विमान आयसोलेशन बेमध्ये जातं. ही जागा इतर पार्किंग, इमारती आणि लोकांची वर्दळ यांपासून किमान १०० मीटर दूर हवी, आणि खालून इंधनाच्या किंवा गॅसच्या वाहिन्या, विजेच्या केबल गेलेल्या नसाव्यात. लांब पल्ल्याच्या विमानाची अडचण त्याआधीच सुरू होते. बोइंग ७७७-३००ईआर भरलेलं असताना सुमारे ३५१ टनांपर्यंत उडू शकतं, पण उतरण्याची मर्यादा सुमारे २५१ टन. धमकी निघाल्या निघाल्या आली तर इंधन सोडायचं की जड विमानच उतरवायचं, हाही निर्णय कॅप्टनचा. इंधन सोडायचं ठरलं तर ६,००० फुटांखाली नको, आणि आजूबाजूची विमानं निदान १० सागरी मैल लांब ठेवायची, ही जबाबदारी पुन्हा नियंत्रकाची.

आता गुण कापायची जागा. धमकी ‘स्पेसिफिक’ (नेमकी) की ‘नॉन-स्पेसिफिक’ (मोघम) हे ठरवते बीटीएसी, म्हणजे धमकीचं मूल्यमापन करणारी समिती. पूर्वी फ्लाइट नंबर आणि तारीख दिली की धमकीचं वजन वाढायचं. फ्लाइट नंबर तर कुणालाही वेबसाइटवर दिसतो! त्यामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये सोशल मीडियावरच्या निनावी खात्यांनी अख्ख्या देशाची विमानं वेठीला धरली. मग त्याच महिन्यात नागरी विमान सुरक्षा ब्युरोनं निकष बदलले आणि धमकी देणाऱ्याची विश्वासार्हताही तपासायला सुरुवात झाली. सुधारणा योग्यच, पण उशिरा झालेली. अमृतसरला २४ डिसेंबर १९९९ च्या संध्याकाळी इंडियन एअरलाइन्सचं अपहृत विमान आयसी-८१४ पाऊण तासाहून अधिक वेळ धावपट्टीवर होतं आणि निर्णय होईपर्यंत उडून गेलं. टॉवरला परवानगी नाकारता येते, चाकं अडवता येत नाहीत. ते काम जमिनीवरच्यांचं, आणि तिथे समितीचा वेळ हाच खरा धोका.

प्रवाशांना माहिती देण्यात ही सेवा नापासच. विमान दूर उभं, शिडी लागलेली नाही, आणि ‘ऑपरेशनल कारण’ एवढंच कानावर. तपासणी चालू असताना सगळं सांगता येत नाही हे मान्य, पण किती वेळ लागेल याचा अंदाज सांगायला काय हरकत आहे? सामानाची आणि प्रवाशांची पुन्हा तपासणी होते, म्हणून औषधं, पासपोर्ट आणि चार्जर खिशात किंवा छोट्या पिशवीत ठेवा. पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर ते चुकलं असंच धरा. सुरक्षेच्या कारणानं झालेल्या उशिराला डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमात नुकसानभरपाई नाही, तेव्हा काउंटरवर त्यासाठी भांडू नका. पुढच्या विमानात जागा कधी मिळते, तेवढं पक्कं करून घ्या.