प्रकटवाचनाला गोष्ट घ्यावी की कात्रणं?

नवी मुंबईत ऐरोली-कोपरखैरणेकडे सहावी-सातवीला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांपुढचा पेच: चित्रगोष्ट वाचावी, की एकाच घटनेवरची वर्तमानपत्रांतली दोन कात्रणं?

तयारीला गोष्ट सोपी. आधी एकदा वाचून थांबायच्या तीन जागांवर खुणा केल्या की झालं. कात्रणं शोधा, दीडशे-दोनशे शब्दांवर आणा, अवघड शब्द फळ्यावर मांडा. तासभर सहज जातो.

खरा फरक प्रश्नांत पडतो. गोष्टीत मुलं नायकाच्या बाजूने वाहवत जातात. 'कोणाला बोलूच दिलं नाही?' हे शिक्षकानेच विचारावं लागतं. कात्रणांत ते आपसूक निघतं. नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाचंच घ्या: 1970 मध्ये सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली, 1984 मध्ये उरणजवळच्या जासईच्या शेतकरी आंदोलनात गोळीबार झाला. एका मजकुरात 'जमीन संपादित करण्यात आली', दुसऱ्यात 'आमची भातशेती गेली'. पहिल्या वाक्यात जमीन घेणारा कोण, हे मुलांना शोधू द्या.

बिघडतं कुठे? शेवटी वाचलेलं कात्रण मुलांना खरं वाटतं, म्हणून दुसऱ्या तुकडीत क्रम उलटा करा. आवाज चढवलात तर तुमची बाजू लगेच कळते. आणि प्रकल्पग्रस्त घरातल्या मुलाला 'तू सांग' म्हणून उभं करू नये.

वाचनात कच्चा वर्ग किंवा पहिलाच प्रयोग असेल तर गोष्ट. सातवीला सलग दोन तास मिळत असतील तर कात्रणंच.