औषधांच्या दुकानातली त्वचानिगा : नागपूरच्या उन्हात कमी खर्चात काय टिकते

त्वचेसाठी स्वस्त आणि गुणकारी वस्तू नागपुरात शोधायच्या असतील, तर बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, झगमगीत सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांआधी आपल्या वस्तीतल्या औषधांच्या दुकानाची मागची फळी पाहावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्या फळीवर त्वचारोगतज्ज्ञ लिहून देतात ते क्लिन्झिंग लोशन, कोरड्या त्वचेची मलमे, सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, कॅलामाइन, ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली अशा वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. त्यांची वेष्टने साधी असतात, सुगंध नसतो किंवा नावापुरता असतो आणि जाहिरातीचा खर्च किमतीत फारसा मिसळलेला नसतो. पुढील परीक्षण प्रामुख्याने याच फळीचे आहे.

नागपूरचे हवामान लक्षात न घेता केलेली खरेदी येथे हमखास वाया जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, दुपारी रस्ते ओस पडतात, घरात कूलर दिवसभर गरगरत असतो. जुलैत हवा दमट होऊन तेच कपाळ तेलकट दिसू लागते आणि डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली उतरले की गाल आणि टाचा एकाच आठवड्यात फुटतात. मुंबईच्या बारमाही दमट हवेत राहणारी एखादी समीक्षक जेव्हा अमुक एक जेल वर्षभर पुरते असे सांगते, तेव्हा ते तिच्या शहरापुरते खरे असते. आपल्याकडे निदान मॉइश्चरायझर तरी ऋतूनुसार बदलावा लागतो.

पैसे मोजायचेच असतील तर ते सनस्क्रीनवर मोजावेत आणि बाकी सगळीकडे हात आखडता घ्यावा. एसपीएफ हा आकडा त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपासून किती संरक्षण मिळते ते सांगतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के किरण अडवते आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के, त्यामुळे एसपीएफ १०० च्या नळीसाठी दुप्पट पैसे देण्यात अर्थ नाही. त्वचा काळवंडवणाऱ्या आणि अकाली सुरकुत्या आणणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी पीए या अक्षरांपुढची अधिक चिन्हे पाहावीत. ती तीन किंवा चार असावीत. मात्र हे सारे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून मोजलेले असतात. व्यवहारात तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा ओढाव्यात, म्हणजे चेहरा आणि मान यांना पुरेल असे साधारण एक ग्रॅम सनस्क्रीन होते. वाटाण्याएवढा ठिपका घेऊन तो चेहराभर पुरवणाऱ्यांना वेष्टनावरच्या संरक्षणाचा लहानसा अंशच मिळतो.

येथेच स्वस्त आणि महाग यांचा हिशेब उलटतो. समजा, ५० ग्रॅमची नळी ४०० रुपयांना आहे आणि १०० ग्रॅमची ५०० रुपयांना. पहिली हातात घेताना स्वस्त वाटते, पण तिचा दर ग्रॅमला ८ रुपये पडतो आणि दुसरीचा ५. दिवसातून दोनदा लावले तर पहिली नळी २५ दिवसांत संपते आणि रोजचे १६ रुपये खाते. दुसरी ५० दिवस चालते आणि रोजचा खर्च १० रुपयांवर येतो. म्हणून सनस्क्रीन घेताना छापील किमतीऐवजी दर ग्रॅमचा भाव काढावा. मोबाइलवर भागाकार करायला अर्धा मिनिट लागतो आणि दुकानदार वाट पाहतो.

पोताबद्दल सांगायचे तर, गुळगुळीत सिलिकॉनच्या जेलसारखी सनस्क्रीन पावसाळ्यात उत्तम वाटतात, पण त्यांतली काही एप्रिलपासून कोरड्या हवेत ओढ बसल्यासारखी जाणवतात. एका नामांकित कंपनीची क्रीमच्या रूपातली नळी मी मे महिन्यात वापरून पाहिली. सिग्नलवर थांबताच घामासोबत ती डोळ्यांत उतरली, डोळे चुरचुरले आणि भुवयांच्या केसांत पांढरी रेघ साचून राहिली. पाण्यात न धुपणारी, म्हणजे वॉटर रेझिस्टंट, आणि द्रव लोशनच्या रूपातली सनस्क्रीन त्या मानाने कितीतरी सुसह्य ठरली. स्कूटीवर डोक्यापासून नाकापर्यंत स्कार्फ गुंडाळून जाण्याची नागपूरच्या मुलींची रीत चेष्टेचा विषय होते खरी, पण दाट विणीचे कापड हे सर्वांत स्वस्त आणि पुन्हा पुन्हा न लावावे लागणारे सनस्क्रीन आहे. फक्त डोळ्यांभोवतीचा उघडा पट्टा आणि हातांचे पंजे विसरू नयेत. ज्यांना गालांवर वांग आहे, त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घ्यावे, कारण वांग केवळ अतिनील किरणांनी नव्हे तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो आणि साधे पारदर्शक सनस्क्रीन तो प्रकाश पुरेसा अडवत नाही.

चेहरा धुण्याच्या वस्तूवर मात्र जास्त पैसे घालण्याचे कारण नाही, कारण ती मिनिटभरात नळाखाली वाहून जाते. अंघोळीच्या साध्या साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५.५ च्या आसपास. त्यात शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांत बोअरचे जड पाणी असेल, तर साबणाचा चिकट साका त्वचेवर राहतो आणि चेहरा धुतल्यावर ताणल्यासारखा होतो. सेटाफिलसारखे सौम्य, फेस न होणारे लोशन यावर चांगले आहे. ते महाग वाटले तर त्याच धाटणीची भारतीय औषध कंपन्यांची क्लिन्झिंग लोशन जवळजवळ तेच काम कमी पैशांत करतात. त्यांचा फेस होत नाही म्हणून घरातली मोठी माणसे नाके मुरडतात आणि चेहरा स्वच्छ झालाच नाही असे ठासून सांगतात. त्या तक्रारीकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

हिवाळ्यासाठी मला सर्वांत समाधान दिले ते व्हेनुशिया मॅक्स या क्रीमने. शिया, कोको आणि आंब्याच्या कोयीचे लोणी असलेली ही क्रीम जाड आहे, चेहऱ्यावर तुकतुकी राहते आणि ऑफिसला जाताना लावली तर ती नकोशी वाटू शकते. रात्री ओलसर त्वचेवर लावली की सकाळपर्यंत कोरडे खवले दबलेले असतात. तिच्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली यांची जोडी. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, पण नागपूरच्या कोरड्या हवेत ते नुसते लावले तर हवेत ओढायला ओलावाच नसतो आणि त्वचा उलट चरचरते. म्हणून ते पाण्यात किंवा गुलाबपाण्यात पातळ करून ओल्या त्वचेवर लावावे आणि त्यावर जेलीचा अगदी पातळ थर द्यावा, म्हणजे पाणी उडून जात नाही. टाचांवर ही जोडी लावून वर सुती मोजे घातले, तर महागड्या फुट क्रीमची गरज भासत नाही. चेहऱ्यावर मुरुमे असलेल्यांनी मात्र जेली टाळलेली बरी.

मुरुमांसाठी सॅलिसिलिक ॲसिड हा तेलात विरघळणारा घटक आहे, त्यामुळे तो रंध्रांतल्या तेलापर्यंत पोहोचतो. सॅस्लिकसारखा फेसवॉश पावसाळ्यात एक दिवसाआड वापरला तर नाकावरचे काळे ठिपके कमी होतात. मेच्या कोरड्या उन्हात तोच रोज दोनदा वापरला तर नाकाच्या कडांची साल निघू लागते. बेन्झॉईल पेरॉक्साइडचे जेल घ्यायचे झाल्यास २.५ टक्क्यांचे घ्यावे, कारण ते जास्त तीव्रतेच्या जेलइतकेच काम करते आणि आग कमी करते. एवढे ध्यानात ठेवावे की ते कापडाचा रंग उडवते. निळ्या अभ्र्यावर गालाच्या जागी उमटलेला नारिंगी डाग कोणत्याही साबणाने जात नाही.

सीरमांच्या बाबतीत माझा उत्साह बेताचाच आहे. २०२० साली जयपुरात सुरू झालेल्या मिनिमलिस्टसारख्या कंपन्यांनी घटकाचे नाव आणि टक्केवारी बाटलीच्या दर्शनी भागावर छापली, हे ग्राहकाच्या फायद्याचेच झाले, कारण आता दोन बाटल्यांची तुलना करता येते. तथापि टक्केवारीची चढाओढ फसवी असते. नायसिनामाइडचा, म्हणजे बी३ जीवनसत्त्वाच्या एका रूपाचा, चांगला परिणाम ४ ते ५ टक्क्यांतही दिसतो. १० टक्क्यांनी काहींचा चेहरा लाल होतो. व्हिटॅमिन सीचे, विशेषतः एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडचे सीरम उष्णतेने आणि उजेडाने खराब होते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पाण्यासारखी स्वच्छ बाटली बघता बघता चहाच्या रंगाची होते. ते घ्यायचेच असेल तर नोव्हेंबरात, लहान बाटली घ्यावी आणि ती फ्रिजमध्ये ठेवावी. हीच काळजी सनस्क्रीनलाही लागू आहे. बहुतेक नळ्यांवर ३० अंशांखाली ठेवा असे लिहिलेले असते, आणि दुपारी उन्हात उभ्या असलेल्या स्कूटीची डिक्की ही त्यांच्यासाठी भट्टीच असते. तिथे ठेवलेली नळी पुढे दाबली की आधी पाणी आणि मग गोळा बाहेर येतो.

नागपूरकर घरांत त्वचेचा विषय निघाला की विकोची पिवळी नळी निघतेच. विकोचे संस्थापक केशव पेंढरकर यांचे नागपूरशी नाते होते, कंपनीचा कारखानाही येथे आहे, आणि हळदीची ही क्रीम औषध की प्रसाधन हा उत्पादन शुल्काचा वाद नागपूरच्या आयुक्तालयाकडून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन कंपनीच्या बाजूने सुटला, याचा इथल्या जुन्या ग्राहकांना अजून अभिमान वाटतो. थंडीत हातापायांना लावण्यासाठी ती चांगली आहे आणि तिचा वास मला आवडतो. परंतु सकाळी ती लावून सनस्क्रीन लावल्याचे समाधान मानणाऱ्या मावशी-आत्या अनेक आहेत. ते काम तिच्याकडून करून घेऊ नये.

एक इशारा मात्र सविस्तर द्यायला हवा. औषधांच्या दुकानातली फळी विश्वासार्ह असली, तरी तिथेच काउंटरवरून “ताई, हे लावून पाहा, आठ दिवसांत फरक पडते” असे म्हणून जी पन्नास-साठ रुपयांची नळी पुढे सरकवली जाते, तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, मुरुमे बसतात. पुढे त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, केस उगवतात आणि लावणे थांबवले की सारे दुपटीने परतते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एकही नाव वेष्टनावर दिसले तर नळी तिथेच परत करावी. त्वचेवर लावायची स्टेरॉइड २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हे दुकानदाराला शांतपणे सांगावे. याहूनही घातक आहेत त्या पार्लरमध्ये किंवा फुटपाथवर मिळणाऱ्या, उत्पादकाचे नाव, परवाना आणि बॅच क्रमांक नसलेल्या गोरेपणाच्या डब्या. आपल्याच विदर्भात, अकोल्यात, एका घरातल्या आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडांना अशाच क्रीममधल्या पाऱ्याने इजा झाल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत आढळले होते.

या फळीवरच्या वस्तू रोजच्या निगेसाठी आहेत. वांग, डाग पाडणारी मुरुमे किंवा महिन्याभरात न हटणारे चट्टे असतील, तर तिसरी-चौथी नळी विकत घेण्यापेक्षा मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात नाममात्र शुल्काचा कागद काढावा. रांग मोठी असते, बाकावर जागा मिळेलच असे नाही आणि सकाळ जाते. तरीही जावेच. डॉक्टरांना औषध मूळ (जेनेरिक) नावाने लिहून देण्याची विनंती करावी आणि तो कागद घेऊन आधी जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. तेथे असलेली औषधे ब्रँडच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी दरात अनेकदा मिळतात, आणि नसलेली गांधीबागच्या औषध बाजारातून किंवा नेहमीच्या दुकानातून घेता येतात.