आराधी गीतांवर पीएचडी: लोकसाहित्य की सांस्कृतिक अभ्यास?

विषय एकच धरू: तुळजापूरच्या वाटेवरची आराधी गीतं, म्हणजे भवानीच्या भक्तांची गाणी. लोकसाहित्याच्या वाटेने गेलात तर काम स्पष्ट असतं. गाणं रेकॉर्ड करा, गाणाऱ्या बाईचं वय, गाव, ती कुणाकडून शिकली हे टिपा, पाठभेद, म्हणजे एकाच गाण्याची वेगवेगळी रूपं, जुळवा. एका तासाच्या रेकॉर्डिंगला लिप्यंतरासाठी पाच-सहा तास सहज जातात. घात होतो तो इथेच: घाईत ‘गेल्ती’चं ‘गेली होती’ होतं आणि बोली पुसली जाते. मराठवाड्यात ही परंपरा भक्कम आहे. प्रभाकर मांडे यांच्यासारख्यांनी तिचा पाया घातला.

सांस्कृतिक अभ्यास (कल्चरल स्टडीज) वेगळ्या मातीतला. रिचर्ड हॉगर्ट यांनी 1964 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात त्याचं केंद्र काढलं, स्टुअर्ट हॉल यांनी त्याला धार दिली, आणि 2002 मध्ये विद्यापीठानेच तो विभाग बंद केला. इथे प्रश्न गाण्याच्या मागचे: यूट्यूबवरच्या गाण्याचा पैसा कुणाला? देवीची परडी कुठल्या जातीच्या बाईच्या हाती? डीजे आल्यावर संबळवाला कुठे गेला? मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठीच मोठा लढा झालेल्या या भागात असे प्रश्न टाळून चालत नाही.

पण यात प्रबंध फसतो तो सिद्धांताच्या ओझ्याने. इटलीचे मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शी आणि हॉल यांच्यावर तीन प्रकरणं आणि गाणं परिशिष्टात!

आमचा कौल: नोंदणी मराठी विभागात, पहिलं वर्ष निव्वळ संकलन, मग हे प्रश्न. गाण्याचा पाठ हाती नसताना त्यामागच्या सत्तेची चर्चा पोकळ वाटते. मार्गदर्शक मात्र दोन्ही वाचणारा शोधा.