नाट्यछटा लिहावी की एकांकिका?

नव्याने लिहिणाऱ्याला सगळे एकच सल्ला देतात: आधी नाट्यछटा लिही, एकांकिकेचं मग बघू. एक पात्र, चार-पाच मिनिटं, नेपथ्य म्हणजे फार तर एक खुर्ची. मीही त्याच वाटेने आलो. आजवर ३ नाट्यछटा आणि ५ एकांकिका लिहिल्या. त्यातली एक नाट्यछटा आणि दोन एकांकिका प्रेक्षकांसमोर झाल्या. एवढ्याच भांडवलावर हे लिहितोय.

नाट्यछटेची सोय खरी आहे. सकाळी लिहिली, संध्याकाळी बायकोला वाचून दाखवली, झालं. एकांकिकेला माणसं लागतात, आणि माणसं आली की तालमीची बोंब. आमच्या एकीत चार पात्रं होती. चौघं एकत्र भेटले ते थेट रंगीत तालमीला. घरमालकाचं काम करणाऱ्या नटाची रात्रपाळी, त्यामुळे त्याची वाक्यं रोज मीच वाचायचो. शिवाय स्पर्धेत उतरायचं तर संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र, प्रवेशिका, सेटसाठी टेम्पो.

तरी माझं घोडं अडलं ते भलतीकडेच. नाट्यछटेतला समोरचा माणूस दिसत नाही, ऐकू येत नाही, पण त्याचं म्हणणं प्रेक्षकाला कळायला तर हवं. मग माझं पात्र पोपटासारखं सुरू व्हायचं: ‘काय म्हणालात? भाडं वाढवणार? पुढच्या महिन्यापासून?’ अहो, असं बोलतं कोण? भाडं वाढलं की माणूस आधी गप्प होतो. ती गप्प बसायची जागाच मला सापडेना. नट थांबला की वाक्य विसरला असं वाटायचं. शेवटी त्याच्या हातात मोबाइल दिला. हल्ली सगळेच देतात.

‘दिवाकर’ या नावाने लिहिणाऱ्या शंकर काशीनाथ गर्गे यांनी इंग्रज कवी ब्राउनिंगच्या कवितांवरून स्फूर्ती घेऊन १९११ मध्ये नाट्यछटा हा प्रकार मराठीत आणला. ‘काय म्हणता?’ त्यांच्याकडेही येतं, पण तिथे त्या प्रश्नातून बोलणाऱ्याचा स्वभाव उघडा पडतो. माझ्याकडे नुसती माहिती पडायची.

तोच घरमालक मग मी एकांकिकेत घातला. त्याने आकडा सांगितला, भाडेकरूने तोंडाशी नेलेला कप परत बशीत ठेवला. बस्स. प्रयोगात तिथे हशा आला, आणि मी तर तिथे एक शब्दही लिहिला नव्हता.

हाताशी एकच नट असेल, किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी हवं असेल, तर नाट्यछटाच लिहा. कदाचित तुम्हाला ती माझ्यापेक्षा बरी जमेल. पण चार माणसांमागे फोन करत फिरायची तयारी असली, तर मी एकांकिकेकडेच ढकलीन. पुण्यात कॉलेजात असाल तर पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून आहेच, निमित्त शोधायला नको. फक्त घरमालकासाठी दिवसपाळीचा माणूस बघा.