आठ महिने आणि पंधरा मीटर नळी: घरच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा अनुभव

मशीन पाच लिटरचं (म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त पाच लिटर ऑक्सिजन देणारं), घरात ठेवायचं, चाकांवरचं. वजन साधारण पंधरा किलो. घेऊन आठ महिने झाले. तासमापकावर आज सकाळी ३,८७२ तास होते, म्हणजे दिवसाला सरासरी सोळा. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पाच लिटरच्या बहुतेक मशीनचं काळीज एकाच जातीचं असतं, आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

आधी माझ्या फुप्फुसांची ओळख करून देतो, नाहीतर पुढचे आकडे कळायचे नाहीत. मला आजार दोन. फुप्फुसाच्या वरच्या भागात एम्फिसिमा, तीस वर्षं ओढलेल्या सिगारेटची कमाई. खालच्या भागात फायब्रोसिस. पहिल्यात हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती झिजतात, फुप्फुस सैल पडतं आणि घेतलेली हवा आत अडकून बसते. दुसऱ्यात ते चिवट होतं, फुगायलाच राजी नसतं. एक ढिलं, एक ताठ. आणि गंमत म्हणजे फुंकायच्या तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, हे दोघं एकमेकांची लबाडी झाकतात. एकाने जो आकडा पाडायचा तो दुसरा सावरून धरतो. दोन वर्षं माझा रिपोर्ट ‘जवळपास नॉर्मल’ येत होता आणि मी जिन्याच्या आठव्या पायरीवर कठडा धरून उभा असायचो. वजन कमी करा, ताण घेऊ नका, वय झालं आता, हे सगळं ऐकून झालं.

शेवटी एका डॉक्टरांनी डीएलसीओ करायला सांगितली. त्यात कार्बन मोनॉक्साइडचा अगदी थोडा अंश मिसळलेली हवा एका दमात ओढून दहा सेकंद धरायची आणि सोडायची. किती वायू रक्तात उतरला ते त्यावरून कळतं. माझी आली अपेक्षित आकड्याच्या ३४ टक्के. मग सीटी स्कॅन झाला आणि दोन्ही चोर एकदम सापडले. या जोडगोळीला डॉक्टर सीपीएफई म्हणतात. २००५ साली ६१ रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला आणि त्यानंतर तिच्याकडे वेगळं दुखणं म्हणून बघायला लागले. ज्यांचा रिपोर्ट चांगला आणि दम मात्र वाईट, त्यांनी डीएलसीओबद्दल एकदा विचारून बघावं. एवढं सांगून मशीनकडे वळतो.

हे यंत्र ऑक्सिजन तयार करत नाही, हवेतला नायट्रोजन गाळून टाकतं. आत झिओलाइट नावाच्या दाण्यांनी भरलेले दोन डबे असतात. दाबाखाली नायट्रोजन त्या दाण्यांना चिकटतो आणि ऑक्सिजन पुढे निघतो. काही सेकंदांनी पाळी दुसऱ्या डब्याची, तोवर पहिला आपला नायट्रोजन फुस्सकन सोडून देतो. पुढे येणारी हवा ९० ते ९६ टक्के ऑक्सिजनची. ती खोलीतल्या हवेत मिसळत नाकात जाते, त्यामुळे दोन लिटरवर आपल्याला प्रत्यक्षात मिळतो साधारण २८ टक्के. लोकांना वाटतं मी चोवीस तास शुद्ध ऑक्सिजन पितोय.

तो फुस्स आवाज पहिल्या आठवड्यात डोक्यात जातो. पहिल्या रात्री ही म्हणाली, “चला, तुमच्या घोरण्याला साथीदार मिळाला.” तिसऱ्या रात्री आम्ही मशीन पॅसेजमध्ये नेऊन पडद्याआड ठेवलं. पहाटे ते गरम होऊन कोकलायला लागलं. त्याला चारी बाजूंनी हातभर मोकळी जागा लागते, हे पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. पुस्तिका आम्ही चौथ्या दिवशी वाचली.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिटरचे तीन आकडे लिहून दिले होते: बसलेलं असताना १, झोपेत दीड, चालताना ३. आणि खाली अधोरेखित करून: बसलेलं असताना सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरवर दिसणारं रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८८ ते ९२ टक्के. मी विचारलं, ९५ का नको? तर माझ्या रक्ताच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइड थोडा चढा निघाला होता. अशा माणसाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर तो वायू आणखी साठतो, गुंगी येते, सकाळी डोकं जड होतं. हा झाला एम्फिसिमाचा हिशोब. फायब्रोसिसचा हिशोब उलटा: बसलेलो असताना सगळं ठीक, पण उठून वीस पावलं टाकली की आकडा दगडासारखा खाली. खोलीच्या दारापर्यंत ९१, बाथरूमपर्यंत ८२. एकाला आवरतं घ्यायला हवं आणि दुसऱ्याला सढळ, आणि दोघांची नळी एकच.

घरच्यांना हे पटवणं मशीन वापरण्यापेक्षा अवघड गेलं. ऑक्सिमीटरवर ९७ दिसला की घरात आनंदीआनंद. दुसऱ्या महिन्यात एकदा मी चालून आलो, लिटर तीनवरच राहिलं आणि तसाच दुपारी झोपलो. संध्याकाळी उठलो तो डोकं ठणकत होतं, जीभ जड, काय बोलतोय ते मलाच कळेना. मुलगा बोटाला ऑक्सिमीटर लावून खुशीत, “बाबा, ९८!” दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून मशीनवर कागद चिकटवलाय: ‘बसल्यावर १’.

आणि इथेच मशीनची खरी खोड निघते. लिटर बदलायची खुंटी मशीनवर असते. मी असतो नळीच्या दुसऱ्या टोकाला, कधी दहा मीटरवर, कधी पंधरा. चालायला तीन लिटर लागतात आणि तीन लिटर करायला मशीनपर्यंत चालत जावं लागतं, एका लिटरवर. कॉन्सन्ट्रेटर बनवणाऱ्यांपैकी कोणी स्वतः नाकात नळी घालून खुर्चीतून उठून बघितलंय का, अशी मला दाट शंका आहे. शिवाय खुंटी गुडघ्याच्या उंचीवर. नळकांड्यातली गोळी डोळ्यांच्या रेषेत आणून तिच्या मध्यावर आकडा वाचायचा असतो. उभ्याने वरून बघितलं की अर्ध्या लिटरचा फरक पडतो आणि वाकलं की धाप. शेवटी मशीन खुर्चीच्या हाताशी बुटक्या चौरंगावर चढवलं. उठायच्या आधी तीनवर करतो, दोन मिनिटं थांबतो, मग उठतो. परत आल्यावर आकडा ९० च्या वर स्थिरावला की लगेच एकवर. हे अंगवळणी पडायला दीड महिना गेला. घेताना लिटर, आवाज, वॅट सगळं विचारलं होतं, खुंटी कुठे आहे ते विचारायचं सुचलं नाही.

पाण्याच्या बाटलीचा प्रसंग सांगायलाच हवा. ऑक्सिजन कोरडा असतो म्हणून तो एका छोट्या बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडत येतो. एका रात्री पाणी बदलून झाकण लावताना आटे तिरके बसले. मशीन चालू, गोळी दीडवर, हिरवा दिवा, सगळं छान. तासाभराने मी घामाघूम होऊन उठलो, ऑक्सिमीटर ७९. मुलाने मशीन बंद करून चालू केलं, फिल्टर काढून बघितला, कंपनीला फोन लावला (रात्री दीड वाजता कोण उचलणार). हिने शांतपणे नाकातली नळी काढून पाण्याच्या पेल्यात बुडवली. एकही बुडबुडा नाही. मग बाटलीकडे गेली, झाकण काढून नीट लावलं, आणि पेल्यात भराभरा बुडबुडे. आता दर रात्री झोपायच्या आधी पेल्याची परीक्षा होते. मशीनला बाटलीनंतर काय होतं ते कळत नाही, त्याचा अलार्म त्याच्या पोटातल्यापुरता.

पाणी डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं, रोज बदलायचं, बाटली घासायची. बाहेरचा फिल्टर आठवड्याला धुवायचा आणि पूर्ण वाळवून लावायचा. नाक कोरडं पडलं तर पेट्रोलियम जेली लावायची नाही, ऑक्सिजनजवळ तेलकट वस्तू पेट घेऊ शकते. पाण्यावर बनलेलं जेल मिळतं ते लावतो. कानामागे नळीने व्रण पडतात, तिथे स्पंजाची गुंडाळी. गॅसजवळ नळी घालून उभं राहायचं नाही. सिगारेटचं तर बोलायलाच नको, पण ज्या घरात अजून कोणी ओढतं त्या घरात हे मशीन आणू नका, इतकं स्पष्ट सांगतो.

बाहेर जायला खांद्यावरचं छोटं मशीनही महिनाभर भाड्याने वापरलं. त्यावरचा ‘२’ म्हणजे दोन लिटर, असं मी समजत होतो. तसं नसतं. ते श्वास ओढल्याचं ओळखून तेवढ्यापुरता झोत सोडतं आणि आकडा झोताचा असतो. शांत बसलेलो असताना उत्तम. पण चालताना माझा श्वास उथळ आणि भराभर होतो, तोंडाने हवा घेतो, तेव्हा त्याची आणि माझी लयच जुळत नाही. तीनवर ठेवूनही ८४. घ्यायच्या आधी ते अंगावर घालून सहा मिनिटं चालून बघा, बोटाला ऑक्सिमीटर लावून. आणि ऑक्सिमीटरवरही आंधळा विश्वास नको: बोटं गार असली की तो काहीही दाखवतो, सावळ्या कातडीवर खऱ्यापेक्षा जास्तही दाखवू शकतो.

मशीनने काय केलं नाही तेही लिहितो. धाप पूर्ण गेली नाही. आकडा ९१ असूनही जीव घाबरा होतो, कारण फायब्रोसिसचं फुप्फुस ताणायला मेहनत पडते, ती ऑक्सिजनने कमी होत नाही. त्या वेळी तोंडावर छोटा पंखा धरला की नळीपेक्षा जास्त बरं वाटतं. ओठांचा चंबू करून श्वास सोडायची युक्ती फिजिओथेरपिस्टने शिकवली. अडकलेली हवा सोडवायला ती कामाला येते, पण खोकल्याची कोरडी उबळ आली की तिचा काही पाड लागत नाही. पायांत जी ताकद आली ती आठ आठवड्यांच्या व्यायामाने, त्याचं श्रेय मशीनला देणार नाही. पण सकाळचं काळवंडलेलं तोंड आणि घोट्यांवरची सूज कमी झाली, ती मात्र याच्यामुळे.

तासांबद्दल बरेच जण विचारतात. दिवसाला किमान पंधरा तास, हा दंडक १९८० आणि १९८१ साली छापून आलेल्या दोन जुन्या अभ्यासांवरून आला, दोन्ही सीओपीडीच्या, म्हणजे एम्फिसिमा ज्यात मोडतो त्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, रुग्णांवरचे. २०२४ मध्ये स्वीडनमधून २४१ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात चोवीस तास घेणाऱ्यांना पंधरा तासवाल्यांपेक्षा वर्षभरात काही जास्त फायदा दिसला नाही. हे डॉक्टरांना विचारून मी दुपारचे काही तास नळी काढून नुसता बसतो. नळी नसलेलं नाक काय चीज आहे ते नळीवाल्यालाच ठाऊक.

जुनं मशीन घेणार असाल तर रंगरूप बघू नका, तासमापक बघा आणि शुद्धता मोजून घ्या. माझं नवं असताना ९४ टक्के होतं, सहाव्या महिन्यात सर्व्हिसवाल्याने मोजलं तेव्हा ९२. वीज गेली तर काय, याचा विचार मशीन आणायच्या आधी करा. आमच्याकडे कोपऱ्यात एक सिलिंडर भरून उभा असतो आणि त्याची किल्ली त्यालाच सुतळीने बांधलेली, कारण एकदा ती शोधण्यात अकरा मिनिटं गेली.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला बाटलीच्या आट्यांसाठी, आणि अख्खा एक त्या गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या खुंटीसाठी.