सव्वीस गेजचा टिन

मैदा ग्रॅमवर मोजणारी बाई मी. पण बारा केक टिनांचा गठ्ठा न उघडता, न तोलता रिक्षात टाकून घरी आले. आता घरात कोणी तो विषय काढला की मी ओट्याकडे तोंड करून उभी राहते.

इंदूरला सुदामा नगरात मी घरून केक करते. गेल्या ऑक्टोबरात राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात एका ठोक दुकानातून आठ इंचाचा एक नॉनस्टिक टिन आणला, ३१० रुपयांना. एकच, मुद्दाम. दोन आठवडे वापरून बघितला. रव्याचा केक, मावा केक, एकदा तर चिकट खजुराचाही केला. उलटा केला की केक अलगद ताटलीत. म्हणजे डोळे मिटून काही घेतलं नव्हतं मी. हे आधी सांगते, कारण नंतर सगळे हेच म्हणाले की बघून घ्यायचं होतंस.

नाताळच्या ऑर्डर सुरू होण्याआधी पुन्हा गेले, डझनभर हवे म्हणून. काउंटरवरच्या टिनावर दुकानदारानं पाण्याचे थेंब टाकले. मोत्यासारखे पळाले. मग म्हणाला, "भाभीजी, आप जो ले गईं थीं वो तो बीस गेज था. अब छब्बीस आया है, भाव वही." गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा, एवढंच मला ठाऊक. वीसच्या जागी सव्वीस, त्याच पैशांत! मला इतका आनंद झाला की मी सामोशाचे पैसे देऊन पोराला गठ्ठा बांधायला लावला. टिनावर ग्रॅनाइटसारखे पांढरे ठिपके होते, 'पीएफओए फ्री'चा गोल स्टिकर होता. बिल म्हणून कच्ची पर्ची मिळाली: 'केक टिन १२ नग, ३७२०'. बस.

पहिली खेप बरी निघाली. दुसऱ्या खेपेला ओव्हनमधून 'टण्ण' असा आवाज आला. बघते तर टिन एका बाजूनं उचललेला आणि केक उतरत्या छपरासारखा. मला वाटलं ओव्हनची जाळीच वाकडी असेल. पाचव्या-सहाव्या वेळी व्हॅनिला स्पंज काढला तर कडेला खालच्या बाजूनं काळी कुसळं चिकटलेली. साखरपुड्याचा केक होता तो. रात्री साडेअकराला दुसरा करायला घेतला, जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्यात, तूप-मैदा लावून.

माझे सासरे, अप्पा, पीथमपूरला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार काढतात तिथे, तीस वर्षं होते. त्यांनी टिन हातात घेतला, तळाच्या मध्यावर दोन्ही अंगठे दाबले. टक्-टक्. डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर झाला.

"किती गेज सांगितला गं त्यानं?"

"सव्वीस. आधीचा वीसच होता."

अप्पा हसले ते मला अजून लागतंय. "अगं, गेज वाढला की पत्रा पातळ होतो. उलटं असतं ते." त्यांनी कपाटातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. वीस गेज म्हणजे ०.९ मिलिमीटरच्या आसपास, सव्वीस म्हणजे साधारण ०.४५. निम्मा. मग मी माझा वजनकाटा आणला, जो मी बेकिंग पावडरीसाठी रोज काढते. पहिला टिन ४५० ग्रॅम, नवा २३५.

म्हणजे माणूस खोटं बोललाच नव्हता! सव्वीसच म्हणाला, सव्वीसच दिला. समजुतीचा घोटाळा माझ्याकडून होणार हे त्याला ठाऊक होतं, एवढंच.

थर का सुटला तेही अप्पांनीच दाखवलं. स्वस्त टिनांत बहुधा सपाट पत्र्यालाच आधी थर देतात आणि मग प्रेसमध्ये दाबून आकार काढतात. तळ आणि कड जिथे मिळतात तिथे पत्रा ताणतो, थर तेवढा ताणत नाही. भिंग लावून बघितलं तर वळणावर केसाएवढ्या रेघा होत्या, अगदी न वापरलेल्या टिनांवरसुद्धा. आणि वरच्या कडेला, जिथे पत्रा कापलाय, तिथे उघडं लोखंड. चांगल्या टिनाची कड आत वळवून बंद केलेली असते.

ते ठिपके म्हणजे दगड नव्हे, थरावर उडवलेले शिंतोडे. पीएफओए हे रसायन टेफ्लॉन बनवताना वापरत. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ते २०१५ पर्यंत सोडलं, २०१९ ला ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बंदीच्या यादीत गेलं. तेव्हा स्टिकर खरा असला तरी थर किती टिकेल याबद्दल तो अवाक्षर सांगत नाही. पाण्याचे थेंब तर कुठल्याही नव्या थरावर पळतात, पहिल्या दिवशी सगळेच गुळगुळीत.

पोटात काळं गेलं तर? हीच माझी पहिली भीती होती. टेफ्लॉनचा थर साधारण २६० अंशांच्या वर बिघडू लागतो, केक आपण १८० वर भाजतो. पण माझ्या टिनावर टेफ्लॉनच होतं हे कशावरून? खोक्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना पत्ता.

परत गेले तेव्हा उत्तर तयार होतं: "आपने लोहे का चम्मच लगाया होगा." माझ्याकडे घरात सिलिकॉनचाच उलथना आहे, पण ते सिद्ध कसं करणार? ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर अप्पांनी लिहून दिला होता, पण दाखवायला होती ती पर्ची, तिच्यावर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं. तक्रार केली नाही. चूक केली असंच वाटतं.

आता पिशवीत छोटा वजनकाटा असतो. आठ इंची, दोन इंच उंच लोखंडी टिन चारशे ग्रॅमच्या खाली भरला तर मी पुढचं बघतच नाही. फूटपट्टी आतून, तळाला लावते. माझ्या बाराजणांचा तळ सव्वासात इंच निघाला होता, वरच्या कडेनं मोजून आठ. गठ्ठा तिथेच सोडवायला लावते, प्रत्येक नग बाहेर. दुकानदार वैतागतात. चुंबकही नेते, ॲल्युमिनियम म्हणून लोखंड खपवतात म्हणून. ॲल्युमिनियमचं वजन वेगळं, त्याला माझा चारशेचा हिशोब लावू नका.

नाताळच्या सगळ्या ऑर्डरी शेवटी साध्या ॲल्युमिनियमच्या टिनात आणि बटर पेपरवर झाल्या. पहिला टिन अजून रोज चालतो. बाकीचे बारा गच्चीवर कुंड्यांखाली आहेत, आणि तिघांच्या कापलेल्या कडेला गंज धरलाय.