युवा महोत्सव, आविष्कार, ॲक्सिस की क्राफ्ट मेळा: एकच शनिवार मोकळा असेल तर कुठे जायचं?

दिवाळीपासून फेब्रुवारी संपेस्तोवर नागपुरात कॉलेज-विद्यापीठाच्या नावाखाली इतकं काही सुरू असते की शेवटी माणूस कुठेच जात नाही. ग्रुपवर बॅनर येतात, कोणत्या बॅनरवर स्वागतोत्सुकांचे फोटो जास्त आहेत तेवढं बघतो न डिलीट मारतो. मग मार्चमध्ये शेजारच्याकडून कळते की अरे ते भारी होतं बाप्पा, तुम्ही काहून नाही आले. म्हणून ज्यांच्याकडे एखादा शनिवार मोकळा आहे, पोट्टं अकरावी-बारावीत नाहीतर बीएस्सी-बीए फर्स्ट इयरला आहे, आणि नेमकं कुठे जावं हे ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो.

माझी कसोटी आधीच सांगतो म्हणजे पुढे भांडण नको. प्रदर्शन किती मोठं, उद्घाटनाला कोण आलं, किती स्टॉल, याला मी मार्क देत नाही. ज्याने ती वस्तू केली तो तिच्या बाजूला उभा आहे का आणि त्याच्याकडे तुमच्यासाठी दहा मिनिटं आहेत का, एवढंच बघतो. या हिशेबाने जे वर येते ते बऱ्याच लोकांच्या यादीत सगळ्यात खाली असते, हे माहीत आहे.

आपल्या डोक्यात नागपूर विद्यापीठाचं प्रदर्शन म्हटलं की २०२३ ची सायन्स काँग्रेस येते. ३ ते ७ जानेवारीला अमरावती रोडच्या कॅम्पसवर १०८ वी इंडियन सायन्स काँग्रेस भरली होती, विद्यापीठाचं शताब्दी वर्ष होतं (स्थापना ४ ऑगस्ट १९२३ ची), पंतप्रधानांनी व्हिडिओवरून उद्घाटन केलं, 'प्राईड ऑफ इंडिया' नावाचं मोठ्ठं प्रदर्शन होतं आणि शाळेच्या मुलांच्या रांगाच रांगा. ते भव्य होतं, प्रश्नच नाही. पण तो प्रकार वारंवार येत नाही, आणि दरवर्षी जे येते त्याला त्या मापाने मोजायला गेलं की सगळंच फिकं वाटते.

तर पहिला उमेदवार, विद्यापीठाचा युवा महोत्सव. यात गाणं, नाच, नाटक, वाङ्मय आणि चित्रकला असे पाच भाग असतात आणि प्रत्येकात मिनिटांचा हिशोब कडक. एकांकिका ३० मिनिटं, स्किट १०, माईम ५. स्पर्धक २५ वर्षांच्या आतले. इथूनच राज्याच्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवासाठी टीम निवडतात, त्यामुळे पोट्टे टाईमपासला आलेले नसतात, जीव तोडून करतात. बघणाऱ्याला तिकीट नाही, हॉलमध्ये जागा मिळाली की बसायचं. नागपूरकरांनी इथे खास बघावं ते लोकनृत्य आणि लोकवाद्यं, कारण भंडारा-गोंदियाकडच्या कॉलेजची मुलं दंडार, खडी गंमत हे लोककलेचे प्रकार त्यांच्या गावात बघत मोठी झालेली असतात, यूट्यूबवरून शिकलेली नसतात, आणि तो फरक स्टेजवर दुसऱ्या मिनिटाला कळते. पूर्वी चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजंही याच महोत्सवात यायची, २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं आणि झाडीपट्टीचा (पूर्व विदर्भाचा जंगलपट्टा) मोठा तुकडा तिकडे गेला. (अमरावती तर १९८३ मध्येच वेगळी झाली.) आता नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया एवढे चार जिल्हे राहिले, तरी माल कमी नाही.

आणि स्टेजवरच्यापेक्षा मला तर रांगोळीचा हॉल आवडते. अडीच तास, पंखे बंद, कारण पंखा लावला की रंग उडतो, दार लोटलेलं, आत सगळे उकिडवे बसलेले आणि कोणी जोरात चाललं तरी दहा जण मान वर करून बघतात. पोर्ट्रेट काढणारी मुलगी डोळ्याच्या बुबुळात चिमटीने दोन कण पांढरे टाकते न चेहरा एकदम जिवंत होते. पण इथेच माझ्या कसोटीत युवा महोत्सव मार खातो. ते करत असताना बोलायचं नाही, झाल्यावर परीक्षक येतात आणि मग पोट्टे पुढच्या आयटमला पळतात. म्हणजे बघायला एक नंबर, विचारायला शून्य. ज्या पोराला स्टेजची हौस आहे त्याला इथेच न्या, ज्याला 'हे कसं केलं' असं विचारायची सवय आहे त्याला नेऊ नका, तो बोअर होईल.

आता दुसरा, आणि माझा लाडका, 'आविष्कार'. नाव ऐकलेलं असते पण नेमकं काय ते विचारलं तर दहातले आठ जण सायन्स एक्झिबिशन म्हणतील. ही महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहे. खालच्या फेऱ्यांतून निवडलेले विद्यापीठ पातळीवर येतात, तिथून राज्याला. सहा गट असतात: भाषा-मानव्यविद्या-ललितकला, कॉमर्स-मॅनेजमेंट-लॉ, शुद्ध विज्ञान, शेती-पशुपालन, इंजिनिअरिंग, मेडिकल-फार्मसी. त्यात परत पदवीवाले वेगळे, पीजीवाले वेगळे, पीएचडीवाले वेगळे. पहिल्या फेरीत पोस्टर नाहीतर मॉडेल घेऊन उभं राहायचं आणि त्यातून पुढे गेलेल्यांना स्टेजवर मांडणी करायला लागते.

याला प्रेक्षक जवळजवळ नसतात. तीच मजा आहे. हॉलमध्ये पोस्टर लागलेत, त्याच्या बाजूला एकेक जण इस्त्रीचा शर्ट घालून उभा, परीक्षक दोघं-तिघं फिरून राहिले. एकाचं मॉडेल असते प्लायवूडवर, ठिबकची नळी म्हणून सलाईनची नळी लावलेली, बादलीच्या जागी आईस्क्रीमचा डबा, सेन्सर एवढा खराखुरा, आणि परीक्षक मॉडेलकडे बघतसुद्धा नाही, एकच विचारतो, "रीडिंग किती वेळा घेतले?" पोट्टं म्हणते, "सर, तीन वेळा." "तीनच काहून?" आणि मग पुढची पाच मिनिटं जी होतात न, ती बारावीच्या मुलाने बाजूला उभं राहून ऐकावी. प्रयोग एकदा जमला म्हणजे झालं नाही, परत परत तोच आकडा यायला पाहिजे, हे पुस्तकात चार ओळीत असते आणि तिथे घाम फुटलेला दिसते.

जायची वेळ मात्र नीट पकडा. सकाळी गेले तर उद्घाटन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, बॅनरवर १० लिहिलं की साडेअकरा धरा. परीक्षण सुरू असताना स्पर्धकाला प्रश्न विचारू नका, तो आधीच टेन्शनमध्ये असतो. जेवणाच्या सुट्टीनंतर, परीक्षक पुढच्या रांगेत सरकले की मागचे सगळे मोकळे, निकाल संध्याकाळी, करायला काही नाही आणि कोणीतरी आपलं ऐकावं असं प्रत्येकाला वाटून राहिलेलं. तेव्हा जा. एकेक जण पंधरा मिनिटं समजावून सांगते, चहा पण पाजते. आयोजक कॉलेजात आधी फोन करून बाहेरचे लोक किती वाजता येऊ शकतात ते विचारून घ्या आणि पोराचं आयकार्ड सोबत ठेवा, गेटवर विचारतात.

कमी काय आहे तेही सांगतो. खायचे स्टॉल नाहीत, म्युझिक नाही, सेल्फी पॉईंट नाही, पाचवी-सहावीचं मूल अर्ध्या तासात 'घरी चला' म्हणेल. पोस्टर पण सगळे चांगले नसतात, काही सरळ नेटवरून उचललेले, दोन प्रश्नात उघडे पडतात.

तिसरा उमेदवार व्हीएनआयटीचा टेकफेस्ट, ॲक्सिस. हे विद्यापीठाचं नाही, व्हीएनआयटी केंद्राची इंजिनिअरिंग संस्था आहे, १९६० ची, पण घरात इंजिनिअरिंगचं वारं वाहत असेल तर तुलना होणारच. आविष्कारसमोर ठेवलं तर ॲक्सिस चकाचक आहे, पोस्टरपासून व्हॉलंटिअरच्या टी-शर्टपर्यंत सगळं पोट्टेच चालवतात, रोबो पळवायचे, कोडिंग, वर्कशॉप, पाहुण्यांची भाषणं. एनर्जी जबरदस्त. पण तिथे नुसतं बघायला जाणाऱ्याला अर्धवट वाटते, कारण खरी मजा टीम घेऊन स्पर्धेत उतरण्यात आहे आणि नाव नोंदवून, जिथे लागते तिथे फी भरून जायला लागते. बारावीच्या मुलाला एकदा कॅम्पस दाखवायचा म्हणून न्या, ते ठीक. जेईईचा अभ्यास नको म्हणणारं पोरगं तिथली झाडं आणि ग्राउंड बघून परत येऊन चार दिवस अभ्यास करते, पाचव्या दिवशी परत तसंच, पण चार दिवस तर चार दिवस! त्यांचंच आरोही म्हणजे कल्चरल फेस्ट, तिथे गर्दी कलाकारांच्या नाईटसाठी असते, त्याचा इथे विषय नाही.

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन हा चौथा, आणि लहान मुलं सोबत असतील तर हाच. त्या दिवसाच्या आगेमागे विद्यापीठाच्या विभागांत आणि गावातल्या सायन्स कॉलेजांत प्रयोग मांडतात, कुठे जास्त कुठे कमी, आणि काहीच नाही जमलं तरी गांधीसागरसमोरचं रामन विज्ञान केंद्र आहेच, १९९२ पासूनचं, तारांगण नंतर आलं, १९९७ मध्ये. २८ तारीख काहून, तर १९२८ मध्ये याच दिवशी रामन इफेक्टचा शोध लागला, आणि त्याच्यावर १९३० चं नोबेल. नागपूरच्या माणसाने छाती फुगवून सांगावं असं अजून एक आहे, रामन पूर्णवेळ विज्ञानात जायच्या आधी सरकारी अर्थखात्यात नोकरीला होते आणि त्यात काही काळ नागपूरला पोस्टिंग होतं. रामन केंद्रात बटणं दाबायला मिळतात, आरसे आहेत, मुलं खूष. पण ते कायमचं प्रदर्शन आहे, कधीही जाता येते, त्याच्यासाठी हा एक शनिवार खर्च करू नका असं माझं मत.

क्राफ्ट मेळा आणि चित्रकला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन या दोघांत बऱ्याच लोकांचं कन्फ्यूजन होते, कारण दोन्ही 'कलेचं'. सिव्हिल लाईन्सच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरते, वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर स्वतः बसलेले असतात, संध्याकाळी लोकनृत्य, खायला भरपूर. माझ्या कसोटीत कारागीर बाजूला आहे म्हणून पूर्ण मार्क मिळायला पाहिजे होते, पण संध्याकाळी इतकी गर्दी की त्याला घासाघीस करणाऱ्यातून तुमच्याकडे बघायला फुरसत नाही, दुपारी गेलं तर थोडंफार बोलते. शासकीय चित्रकला महाविद्यालयाचं प्रदर्शन याच्या उलट, शांत, खायला काही नाही, विकत घ्यायचा दबाव नाही, आणि मुलं आपल्या कामाजवळ घुटमळत असतात. पोरगी चित्रं काढते, बीएफए करू का म्हणून मागे लागली आहे आणि घरचे 'त्यात करिअर काय' म्हणून राहिले, अशा घराने तर इथे सहकुटुंब जावं. अप्लाईड आर्ट आणि पेंटिंग यांच्यातला फरक फॉर्म भरताना नाही कळत, दोन भिंतींवरचं काम शेजारी-शेजारी बघितलं की कळते, आणि फायनल इयरच्या मुलाला विचारलं की महिन्याचा सामानाचा खर्च किती येते तेही तो खरं खरं सांगते.

एक अजून आहे जे कोणाच्याच बॅनरवर नसते, विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभागाचा संग्रह. माहुरझरी, टाकळघाट-खापा, पवनी इथली उत्खननं याच विभागाने १९६८ नंतरच्या चार-पाच वर्षांत केली, काटोल रोडने जाताना दिसणारी ती दगडांची वर्तुळं, महापाषाण काळातली दफनं, घोड्याचे अलंकार, मणी, हे सगळं आपल्याच भागातलं, माहुरझरी तर घरापासून अर्ध्या तासावर. अजब बंगला म्हणजे सेंट्रल म्युझियम मोठं आणि जुनं (१८६३ चं), पण तिथे समजावून सांगायला कोणी मिळेल याचा नेम नाही, विभागात शिकणारी-शिकवणारी माणसं तिथेच असतात. १९ ते २५ नोव्हेंबर वारसा सप्ताह असते, त्यात विभागात विचारून जा.

आता समोरासमोर. मूल दहा वर्षांच्या आतलं असेल तर विज्ञान दिन, बाकी सगळं विसरा. सासू-सासरे, पाहुणे, सगळं घर घेऊन निघायचं असेल तर क्राफ्ट मेळा, डोकं लावू नका. स्टेजवेड्याला युवा महोत्सव, चित्रवाल्या पोरीला चित्रकला महाविद्यालय. इंजिनिअरिंगचं पक्कं असलेल्याला ॲक्सिस, पण टीम करून, हात हलवत नाही. आणि ज्याचं काहीच ठरलेलं नाही, बीएस्सी करू की फार्मसी की लॉ, त्याला आविष्कार, कारण एकाच हॉलमध्ये सहाही गटांचे लोक उभे असतात आणि त्यांच्यापैकी निदान दोघं तरी त्याच्याच गावाकडचे निघतात.

डिसेंबरात असेल तर हिवाळी अधिवेशनाच्या तारखा आधी बघा. त्या दिवसांत सिव्हिल लाईन्समध्ये बॅरिकेड, मोर्चे, गाडी कुठे लावायची हाच कार्यक्रम होऊन बसते, मेट्रोने जा. रामन केंद्राला कॉटन मार्केट स्टेशन जवळ पडते, अमरावती रोडच्या कॅम्पसला स्वतःची गाडी नाहीतर ऑटो बरा. आविष्कार आणि महोत्सवाचा नाटकाचा दिवस एकाच शनिवारी आला तर दोन्ही होतात, दुपारी दोन ते चार आविष्कारचे पोस्टर आणि पाचनंतर एकांकिका, फक्त हॉल शहराच्या दोन टोकांना नाहीत एवढं बघून घ्या. दीक्षांत समारंभाचं पण दोघं-तिघं विचारून राहिले होते, तिथे आमंत्रण लागते, घरचं कोणी पदवी घेत असेल तरच जा.